लॅझिओत न चाललेला वेदात मुरिची मायोर्कात कसा चालला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सतरा वर्षांचा, उंची सहा फूट दोन इंच, फॉरवर्ड खेळतो. खोलीच्या भिंतीवर त्याने कोसोवोच्या वेदात मुरिचीचं पोस्टर लावलंय. हा खेळाडू घडला कसा, रोमच्या लॅझिओ क्लबात सपशेल फसलेला माणूस स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या क्लबात एवढा कसा चालला, आणि मुलाने त्याच्याकडून काय उचलावं, हे तुम्हाला हवंय. मी कोल्हापुरात खेळलो, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं मुख्यतः फॉरवर्डच घडवतोय. मुरिचीला मी 2018 पासून, म्हणजे तो तुर्कस्तानात होता तेव्हापासून बघतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. फॉरवर्डच्या नावापुढे जो गोलांचा आकडा लागतो, तो त्याच्या एकट्याचा नसतो. चेंडू कुठून येतो, कोण टाकतो, किती लवकर टाकतो आणि प्रशिक्षकाला तो चेंडू टाकलेला चालतो का, या सगळ्यांची ती बेरीज असते. आपल्याकडे पेठेत सामना हरला की पहिली शिवी फॉरवर्डला बसते, आणि जिंकला की पहिला खांदाही त्यालाच मिळतो. मुरिचीची कारकीर्द नीट पाहिली, तर या दोन्हींतला फोलपणा कळतो.

त्याचा जन्म 24 एप्रिल 1994 चा, गाव प्रिझरेन. दक्षिण कोसोवोतलं जुनं शहर, अल्बेनियाची सरहद्द तिथून जवळच. तेव्हा कोसोवो हा युगोस्लाव्हियाच्या नावाखाली उरलेल्या देशाचा भाग होता आणि तिथल्या अल्बेनियन लोकांचं फुटबॉल अक्षरशः मैदानाबाहेर गेलेलं होतं. 1991 नंतर अल्बेनियन खेळाडू आणि क्लब युगोस्लाव्ह लीगमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वेगळी लीग सुरू केली. स्टेडियमं त्यांना बंद होती. सामने व्हायचे गावाबाहेरच्या माळावर, गवतात चुन्याच्या रेघा मारून. अशा मैदानावर चेंडू जमिनीवरून नीट जातच नाही, हे आपल्यापैकी कुणालाही कळेल. चेंडू हवेतून जातो, आणि जो उडी मारून तो घेतो त्याला भाव येतो.

त्याआधीच्या पिढीचा मोठा फॉरवर्ड म्हणजे फादिल वोक्री. प्रिश्तिनाकडून खेळला, मग बेलग्रेडच्या पार्टिझानकडून, युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघातून, पुढे फ्रान्समध्ये नीमला आणि तिथून इस्तंबूलच्या फेनेरबाहचेला. हेच वोक्री नंतर कोसोवोच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि देशाला फिफाचं सदस्यत्व मिळावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. 2018 मध्ये ते गेले. प्रिश्तिनाच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. वोक्रींनी फेनेरबाहचे सोडल्यावर सत्तावीस वर्षांनी तोच शर्ट मुरिचीच्या अंगावर आला. मला हा धागा फार मोलाचा वाटतो.

1999 च्या वसंतात मुरिची पाच वर्षांचा होत होता. नाटोचे हल्ले 24 मार्चला सुरू झाले. त्याच काळात आठ लाखांहून अधिक कोसोवो अल्बेनियन लोकांना घरदार सोडून अल्बेनिया आणि मॅसेडोनियात जावं लागलं. प्रिझरेनहून अल्बेनियाकडे जाणारा रस्ता ट्रॅक्टरांनी आणि पायी चालणाऱ्या माणसांनी भरून गेला होता. कोसोवोच्या संघातल्या त्या वयाच्या कुठल्याही खेळाडूची गोष्ट या उन्हाळ्याला टाळून सांगताच येत नाही. कुणी पळून जर्मनीत वाढला, कुणी स्वीडनमध्ये, कुणी स्वित्झर्लंडमध्ये. जेरदान शाकिरी ग्यिलानमध्ये जन्मला आणि स्वित्झर्लंडकडून खेळला. झाका भावांपैकी ग्रानिट स्वित्झर्लंडकडून आणि ताउलांत अल्बेनियाकडून, आणि 2016 च्या युरो स्पर्धेत दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. कोसोवोकडे स्वतःचा मान्यताप्राप्त संघच नव्हता, मग मुलांनी करायचं काय?

मुरिची मात्र घरी परतलेल्यांपैकी. तो प्रिझरेनच्या लिरिया क्लबमध्ये खेळला. लिरिया म्हणजे अल्बेनियन भाषेत स्वातंत्र्य. इथे तुमच्या मुलाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या वयात जर्मनीतला मुलगा अकादमीत व्हिडिओ बघून शिकतो, सतरा वर्षांखालच्या युरोपीय स्पर्धा खेळतो, स्काउट लोकांच्या वहीत नाव नोंदवतो, त्या वयात मुरिचीच्या क्लबला युरोपात अधिकृत सामनाच खेळता येत नव्हता. देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं 17 फेब्रुवारी 2008 ला, पण फुटबॉलच्या नकाशावर तो नव्हता. फिफाने मैत्रीपूर्ण सामन्यांना परवानगी दिल्यावर पहिला सामना झाला 5 मार्च 2014 ला, मित्रोवित्सात, हैतीविरुद्ध, 0-0. तोवर मुरिची वीस वर्षांचा व्हायला आला होता.

म्हणून तो बाहेर पडला. आधी अल्बेनियात, दुर्रेसचा तेउता आणि कावायाचा बेसा हे दोन क्लब. तिथे त्याने फार काही गाजवलं नाही. मग 2014 मध्ये तुर्कस्तानातला गिरेसुनस्पोर, तोही दुसऱ्या श्रेणीतला. गिरेसुन हे काळ्या समुद्राकाठचं शहर, हेझलनटच्या बागांसाठी प्रसिद्ध. प्रिझरेनमध्ये तुर्की भाषा आजही गल्लीत ऐकू येते, त्यामुळे त्याला तिथे अगदीच परकं वाटलं नसावं असा माझा अंदाज. दोन हंगाम तिथे काढल्यावर 2016 मध्ये अंकाराचा गेन्चलेरबिर्लिई, म्हणजे पहिल्यांदा वरची श्रेणी. आणि 2018 च्या सुरुवातीला पुन्हा एक पायरी खाली, रिझेस्पोरकडे. रिझे हा तुर्कस्तानातला चहाचा मुलूख आणि क्लबच्या नावात तिथल्या सरकारी चहा कंपनीचं नाव आहे.

बघा, चोविसाव्या वर्षी हा माणूस दुसऱ्या श्रेणीत होता. आपल्याकडे एकविसाव्या वर्षी निवड झाली नाही की आई-वडील बूट माळ्यावर टाकायला सांगतात. रिझेस्पोर त्या वसंतात वर चढला आणि 2018-19 च्या हंगामात मुरिचीने तुर्कस्तानच्या वरच्या लीगमध्ये 17 गोल केले. मधल्या फळीत राहणाऱ्या संघासाठी हा आकडा फार मोठा. मी त्याला पहिल्यांदा याच सुमारास पाहिलं. तेव्हा डोळ्यांत भरली ती त्याची पाठ. डिफेंडर मागून ढकलत होता, आणि हा चेंडू छातीवर घेऊन दोन पावलांवरच्या सहकाऱ्याला देत होता. पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. एकदाही वळून रेफ्रीकडे हात पसरले नाहीत. मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'याच्याकडे चेंडू टाकला की संघाला श्वास मिळतो.'

पुढचा हंगाम फेनेरबाहचे, 15 लीग गोल. संघ त्या वर्षी सातवा आला, म्हणजे क्लबच्या मानाने वाईटच, पण मुरिचीचं नाव झालं. आणि सप्टेंबर 2020 मध्ये रोमच्या लॅझिओने त्याला घेतलं. रक्कम पावणेदोन कोटी युरोंच्या आसपास सांगितली गेली. कोसोवोच्या कुठल्याही खेळाडूसाठी तोवर कुणी एवढे पैसे मोजले नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. लॅझिओत दीड हंगामात त्याचे गोल जवळजवळ नाहीतच. रोममधल्या लोकांनी त्याची टर उडवली. मी ते सामने पुन्हा बसून पाहिलेत, आणि मला दिसलेलं सांगतो.

प्रशिक्षक सिमोने इन्झागीचा तो संघ तीन डिफेंडर आणि दोन फॉरवर्ड घेऊन खेळायचा. पुढचा राजा चिरो इम्मोबिले. आदल्याच हंगामात त्याने सेरी आ या इटलीच्या वरच्या लीगमध्ये 36 गोल करून युरोपचा गोल्डन शू, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, घेतला होता. इम्मोबिलेला चेंडू हवा असायचा डिफेंडरच्या पाठीमागे, मोकळ्या जागेत, धावता धावता. सगळा संघ तसाच पास द्यायला शिकलेला. मिडफिल्डर लुइस अल्बेर्तो मान वर करायचा तो तोच पास शोधायला. आणि लांब, उंच चेंडू टाकायची वेळ आलीच तर? तो जायचा मिलिंकोविच-सावीचकडे. तो मिडफिल्डर असून सहा फुटांहून बराच उंच, छातीवर चेंडू घेण्यात जगात मोजक्यांपैकी एक. म्हणजे मुरिचीला जे येतं ते काम त्या संघात आधीच दुसरा माणूस करत होता, आणि जे काम रिकामं होतं ते इम्मोबिलेचं, जे मुरिचीला येत नाही. त्यातून संधी मिळायची ती शेवटच्या वीस मिनिटांची, संघ मागे असताना. 2021 मध्ये प्रशिक्षक म्हणून माउरित्सिओ सारी आले. चार-तीन-तीनची मांडणी, जमिनीवरून छोटे छोटे पास, पुढे एकच फॉरवर्ड, आणि तो इम्मोबिले. मुरिचीसाठी तर दारच बंद झालं.

त्याची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. त्या काळातल्या सामन्यांत तो घाई करताना दिसतो. गोल होत नाही म्हणून चेंडूकडे धाव घेतो, बॉक्समधली जागा सोडून बाजूला जातो आणि क्रॉस, म्हणजे कडेने बॉक्समध्ये टाकलेला चेंडू, येतो तेव्हा तिथे नसतो. गोल आटलेल्या प्रत्येक फॉरवर्डचा हा आजार आहे. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, असाच उंच, हवेत राजा. आमच्याकडे क्रॉस टाकणारे कुणीच नव्हते, म्हणून मी त्याला विंगवर उभा केला. दोन हंगाम त्याने एकही गोल केला नाही आणि मग खेळ सोडला. ती चूक माझी होती. त्याचं काम कुठलं हे मी बघितलं नाही, माझ्या संघात भोक कुठे आहे ते बघितलं. लॅझिओतल्या मुरिचीला बाकावर बसलेलं पाहिलं की मला तो मुलगा आठवतो.

जानेवारी 2022 मध्ये मायोर्काने मुरिचीला उसना घेतला. संघ तळाजवळ, खालच्या श्रेणीत उतरायच्या भीतीत. मार्चमध्ये प्रशिक्षक बदलले आणि मेक्सिकोचे हाविएर आगिरे आले. आगिरे यांनी मांडलेला खेळ साधा होता. मागे पाच माणसं, चेंडू समोरच्याकडे राहिला तरी चालेल, आणि मिळाला की सरळ मुरिचीकडे. शेवटच्या दिवशी ओसासुनाला 2-0 हरवून संघ सोळावा राहिला, म्हणजे वाचला. उन्हाळ्यात मायोर्काने त्याला कायमचा घेतला.

2022-23 हा हंगाम तुमच्या मुलाला आवर्जून दाखवा. मायोर्काने 38 सामन्यांत एकूण 37 गोल केले, त्यातले 15 मुरिचीचे. संघ नववा आला. प्रेक्षकांनी त्याला 'समुद्री चाचा' असं लाडाचं नाव दिलं आणि एका डोळ्यावर पट्टी बांधायची खूण त्याच्या गोलाबरोबर जोडली गेली. रोममधला हास्याचा विषय तिथे बेटाचा लाडका झाला. माणूस तोच, पाय तेच, उंची तीच, एक मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

बदललं काय, ते आता तपशिलाने सांगतो. माझ्या पेशातला हा सगळ्यात रसाळ भाग आहे.

पहिलं म्हणजे तो कुणाजवळ उभा राहतो. संघाचा चेंडू डावीकडे असेल, तर मुरिची मधल्या दोन उंच डिफेंडरांशी झटापट करत बसत नाही. तो हळूच लांबच्या पोस्टकडे सरकतो, जिथे समोरच्या संघाचा साइड बॅक असतो. साइड बॅक सहसा बुटका, चपळ, विंगरला पकडायला ठेवलेला. एक मीटर पंचाहत्तरचा माणूस एक मीटर चौऱ्याण्णवशी उडी मारून काय करणार? ही युक्ती जगाला माहीत आहे, पण दर वेळी, दर क्रॉसला, चेंडू येणार नाही हे दिसत असतानाही तिथे जाऊन उभं राहायला चिकाटी लागते. पंधरा वेळा जा, एकदा चेंडू येईल.

दुसरं, तो उडी आधी मारतो. आमची मुलं चेंडू डोक्यावर आला की उडी मारतात. मुरिची अर्धा क्षण आधी निघतो, डिफेंडरच्या अंगाला अंग लावून, म्हणजे डिफेंडरला पाय उचलायलाच जागा राहत नाही. हात कोपरात वाकलेला पण खाली, रेफ्रीला दिसेल असा. फाउल दिला जातोच अधूनमधून. त्याच्या फाउलांची संख्या नेहमी मोठी असते आणि ते त्याच्या कामाचाच भाग आहे असं मी मानतो.

तिसरं, हेडरने गोल करण्यापेक्षा हेडरने पास देणं. लांब चेंडू आला की तो कुठे पाडायचा हे त्याने आधीच मान वळवून बघितलेलं असतं. सामना पाहताना चेंडूकडे बघू नका, चेंडू हवेत असताना मुरिचीच्या मानेकडे बघा. दोनदा वळते. एकदा डिफेंडर किती जवळ आहे ते बघायला, एकदा आपला माणूस कुठून धावत येतोय ते बघायला. आणि त्याने पाडलेला चेंडू रिकाम्या गवतात पडत नाही, धावत येणाऱ्याच्या पायात पडतो.

आणि चौथी गोष्ट मुरिचीची नाहीच, ती ली कांग-इनची. त्या हंगामात हा कोरियन मुलगा मायोर्कात होता. त्याचा डावा पाय म्हणजे टपालखातं, पत्ता लिहिला की चेंडू पोहोचला. त्याचे वळणदार क्रॉस आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किक, मुरिचीच्या डोक्यावर येऊन पडायचे. 2023 च्या उन्हाळ्यात ली पॅरिसला गेला. पुढच्या हंगामात मुरिचीचे लीग गोल 15 वरून 7 वर आले. दुखापतींचाही त्यात वाटा होता, सगळा हिशेब एकट्या लीच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. पण मुलाला हे दोन आकडे एकाखाली एक लिहून द्या आणि विचारा की मुरिची एका वर्षात अर्धा झाला का. मी सामने पाहिलेत. झाला नव्हता. उड्या तेवढ्याच होत्या, चेंडू कमी येत होते.

5 फेब्रुवारी 2023 चा रेआल माद्रिदविरुद्धचा सामना यासाठी उत्तम नमुना आहे. मायोर्का 1-0 जिंकलं. कागदावर गोल माद्रिदच्या नाचोचा, स्वतःच्याच जाळ्यात. पण फेरप्रक्षेपण बघा. नाचोच्या शेजारी उडी मारणारा मुरिची आहे, आणि त्याच्या धाकानेच नाचोचं डोकं चेंडूला तसं लागलं. मुरिचीच्या खात्यात त्या दिवशी शून्य गोल. मी प्रशिक्षक असतो तर सामन्यानंतर पहिला हात त्याच्याच पाठीवर ठेवला असता. दीड वर्षाने, ऑगस्ट 2024 मध्ये, त्याच मैदानावर त्याच माद्रिदविरुद्ध दानी रोद्रिगेसच्या कॉर्नरवर त्याने बरोबरीचा हेडर मारला, तो मात्र त्याच्या नावावर लागला. माझ्या लेखी दोन्ही एकाच तोलाचे.

मधे 2024 ची कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेची अंतिम लढत झाली, 6 एप्रिलला सेव्हियात. मायोर्का 2003 नंतर पहिल्यांदाच अंतिम फेरीत. दानी रोद्रिगेसने गोल केला, अ‍ॅथलेटिक बिल्बाओने फेडला, जादा वेळेतही 1-1, आणि पेनल्टीवर 4-2 ने बिल्बाओ जिंकलं. मुरिचीने आपली पेनल्टी मारली आणि ती आत गेली. त्या रात्री त्याने जवळपास प्रत्येक लांब चेंडूसाठी बिल्बाओच्या डिफेंडरांशी झोंबाझोंबी केली. हरलेल्या संघाच्या फॉरवर्डचा असा खेळ लोक विसरतात. म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता देशाबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण याशिवाय मुरिची अर्धाच कळेल.

कोसोवोला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, 3 मे 2016 ला सदस्य म्हणून घेतलं. मतं 28 विरुद्ध 24. एवढ्याशा फरकाने एका देशाचं फुटबॉल जिवंत झालं. दहा दिवसांनी फिफानेही घेतलं. मुरिची त्याआधी अल्बेनियाच्या 21 वर्षांखालील संघातून खेळलेला होता, आता तो स्वतःच्या देशाकडे आला. 2018 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कोसोवोचं पहिलं पाऊल फिनलंडमध्ये पडलं, 1-1. त्यानंतर सलग नऊ पराभव. दहा सामन्यांत गुण एक, केलेले गोल तीन, खाल्लेले चोवीस. घरचे सामने घरी नव्हतेच, प्रिश्तिनाचं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून ते अल्बेनियातल्या श्कोदरला व्हायचे. त्या तीन गोलांत मुरिचीचा एकही नाही.

दोनच वर्षांत चित्र पालटलं. बर्नार्ड शालांद हे स्विस प्रशिक्षक आले, प्रिश्तिनाचं मैदान उघडलं, आणि युरो 2020 च्या पात्रतेत मुरिचीने बल्गेरियात गोल केला, चेकविरुद्ध प्रिश्तिनात केला, माँटेनेग्रोविरुद्ध केला. चेकला हरवलं तेव्हा कोसोवो सलग 15 सामने अपराजित होता. तीन दिवसांनी, 10 सप्टेंबर 2019 ला, साउदॅम्प्टनमध्ये इंग्लंड. पहिल्याच मिनिटात वालोन बेरिशाचा गोल, मग मध्यंतरापर्यंत इंग्लंडचे पाच, आणि दुसऱ्या अर्धात पुन्हा बेरिशा आणि मुरिचीची पेनल्टी. निकाल 5-3. 5-1 ने मागे असताना कोसोवोची मुलं बचावात बसली नाहीत, पुढेच धावत राहिली. त्या रात्री मी जागा होतो, आणि सामना संपल्यावर बराच वेळ झोप आली नाही.

आज कोसोवोच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू मुरिची आहे. क्लबमध्ये आटला तरी देशासाठी तो आटला नाही, लॅझिओच्या काळातही त्याची जागा पक्की होती. कारण उघड आहे. तिथे त्याला इम्मोबिलेच्या सावलीत उभं राहायचं नव्हतं. संघाची मांडणीच त्याच्याभोवती होती, आणि राशित्सा, जेनेली यांच्यासारखे विंगर मान वर करायचे ती त्याला शोधायला.

2026 च्या विश्वचषक पात्रतेत गट अवघड होता: स्वित्झर्लंड, स्वीडन, स्लोव्हेनिया. पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडकडून 4-0 मार बसला. तीन दिवसांनी, 8 सप्टेंबर 2025 ला, प्रिश्तिनात स्वीडन. त्या संघात विक्तोर ग्योकेरेस आणि अलेक्झांडर इसाक, दोघेही त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या बड्या क्लबांनी प्रचंड किमतीला घेतलेले. कोसोवो 2-0 जिंकलं. पहिला रेजबेचाईचा, दुसरा मुरिचीचा. पुढे स्वीडनला त्यांच्या घरी 1-0, स्लोव्हेनियाला त्यांच्या घरी 2-0, आणि गटात दुसरं स्थान, विश्वचषकाच्या प्लेऑफमध्ये जागा. नऊ वर्षांपूर्वी दहा सामन्यांत एक गुण मिळवणारा संघ हा. ती सगळी वर्षं ज्या थोड्या खेळाडूंनी या जर्सीत काढली, त्यांत मुरिची आहे.

तर तुमच्या मुलाचं. फोनवर गोलांच्या क्लिप बघून मुरिची शिकता येत नाही, कारण क्लिपमध्ये शेवटचा सेकंद असतो आणि त्याचं काम आधीच्या दहा सेकंदांत असतं. पूर्ण सामना लावा, वही द्या, आणि चेंडू कुठेही असो, फक्त त्याच्यावर नजर ठेवायला सांगा. किती वेळा लांबच्या पोस्टला गेला, त्यातले किती क्रॉस खरंच आले, हे दोन रकाने पुरेत. पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा किती लांब होतो ते त्याचं त्यालाच दिसेल.

मैदानावर आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. पाठ गोलकडे, मागे एक मुलगा ढकलायला, समोरून लांब चेंडू. छातीवर किंवा मांडीवर घ्यायचा आणि दुसऱ्याच टचला बाजूच्या मुलाला द्यायचा. चेंडू हवेत असताना मान दोनदा वळलीच पाहिजे, नाही वळली तर ती खेप मोजायची नाही. हेडरचा सराव मात्र बेताने. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज शंभर हेडर मारायचे नाहीत, डोक्याला ते बरं नाही. आठवड्यात दहा-बारा पुरेत, आणि तेही हाताने फेकलेल्या चेंडूवर. उडीची वेळ साधायला चेंडूला डोकं लागायची गरज नसते, तो वर गेल्यावर दोन्ही हातांनी पकडला तरी तीच वेळ शिकता येते.

आणि त्याच्या प्रशिक्षकांना जाऊन भेटा. भांडायला नको, एवढंच विचारायला की संघात क्रॉस टाकणारं कोण आहे. कुणी नसेल तर मुलाचे गोल मोजू नका, त्याने पाडलेल्या चेंडूंवर सहकाऱ्यांनी किती केले ते मोजा. आणि शेजारच्या पेठेत डाव्या पायाचा एखादा विंगर मोकळा फिरत असेल, तर रविवारी दोघांना घेऊन मैदानावर जा. एक टाकेल, दुसरा उडी मारेल.